चॅपल सरकवले, वॉर्ड पाडले: ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बाल रुग्णालयाचे प्रकरण

लंडनच्या ब्लूम्सबरी भागात ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बाल रुग्णालय आहे. त्यातली व्हरायटी क्लब बिल्डिंग १९९४ साली उघडली. आजच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात असते ते सगळे तिथे आहे. त्याच इमारतीतल्या एका दारातून आत पाऊल टाकले की डोक्यावर रंगवलेला घुमट येतो, पायाखाली रंगीत दगडांच्या तुकड्यांची फरशी येते आणि भिंतींवर सोनेरी झळाळी दिसते. ही लहान खोली म्हणजे रुग्णालयाचे चॅपल, ख्रिस्ती प्रार्थनागृह. ती १८७५ सालची आहे, म्हणजे जिच्या पोटात ती बसली आहे त्या इमारतीपेक्षा सुमारे एकशे वीस वर्षांनी वडील.

ही खोली तिथे बांधलेली नाही. ती आवारात दुसरीकडे होती. तिथून ती अख्खीच्या अख्खी सरकवून आणली.

प्रकरण थोडक्यात असे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रुग्णालयाला नव्या इमारतीसाठी जागा हवी होती. त्या जागी एडवर्ड मिडलटन बॅरी या वास्तुकाराने १८७०च्या दशकात बांधलेले रुग्णालय उभे होते आणि त्याच बॅरीचे हे चॅपल त्या रुग्णालयाचा भाग होते. वास्तुकार एक, दशक एक, मालक एक. तरी वॉर्ड पाडले गेले आणि चॅपल राखले गेले.

जुन्या इमारतींच्या जतनाबद्दल शिकवताना मी हे प्रकरण वर्गापुढे ठेवते. विद्यार्थी लगेच म्हणतात, चॅपल सुंदर होतं म्हणून वाचलं. ते खरे आहे, पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही. सुंदर इमारती रोज पडतात. माझे म्हणणे असे आहे की १८७५ मध्ये ते चॅपल ज्या कामाला होते त्याच कामाला ते १९९० मध्येही होते, आणि वॉर्डांचे काम मात्र मधल्या शंभर वर्षांत पार बदलून गेले होते. हा निर्णय मला पटतो, पण पूर्ण पटत नाही. कुठे अडते ते पुढे सांगते.

दोन हजारांत सव्वीस

हे रुग्णालय का उभे राहिले ते आधी पाहावे लागेल, कारण इमारतीची रचना तिथूनच येते.

१८४३ साली लंडनच्या सगळ्या रुग्णालयांत मिळून २,३६३ रुग्ण दाखल होते. त्यांत दहा वर्षांखालची मुले किती? २६. आणि त्याच शहरात वर्षाला होणाऱ्या सुमारे ५०,००० मृत्यूंपैकी २१,००० दहा वर्षांखालच्या मुलांचे. मुले मरत होती, पण रुग्णालयात नाही. घरी, अंधाऱ्या खोल्यांत, बहुतेकदा डॉक्टर न पाहता. लहान मूल गोवर, डांग्या खोकला, स्कार्लेट फीवर घेऊन येईल आणि वॉर्डभर पसरवेल ही भीती होती. शिवाय आजारी मुलाची जागा आईजवळ, असेही मानले जाई.

डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी जर्मनी आणि पॅरिसमध्ये शिक्षण घेतले होते. पॅरिसमध्ये १८०२ पासून मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय होते. लंडनमध्ये एकही नव्हते. वेस्ट यांच्या खटपटीतून १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या ४९ क्रमांकाच्या घरात १० खाटांचे बाल रुग्णालय सुरू झाले. पहिली दाखल झालेली रुग्ण साडेतीन वर्षांची मुलगी होती. तिला क्षय होता.

ते घर साधेसुधे नव्हते. अठराव्या शतकात तिथे डॉ. रिचर्ड मीड राहत. राजाचे वैद्य आणि मोठा ग्रंथसंग्रह बाळगणारे गृहस्थ. म्हणजे पहिली आजारी मुले एका श्रीमंताच्या दिवाणखान्यात झोपली. ऐकायला छान वाटते, पण नांदत्या घराचे रुग्णालय करणे किती अवघड असते हे आपल्याकडे बंगल्यात नर्सिंग होम चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला विचारावे. जिने अरुंद, खोल्या एकातून दुसरीत उघडणाऱ्या, संडास चुकीच्या जागी, आणि स्वयंपाकघराचा वास थेट रुग्णांपर्यंत.

१८५८ मध्ये चार्ल्स डिकन्स यांनी रुग्णालयाच्या निधीसाठी भरलेल्या मेजवानीत भाषण केले. त्या रात्री तीन हजार पौंडांवर रक्कम जमली, शेजारचे ४८ क्रमांकाचे घर घेता आले आणि खाटा २० वरून ७५ वर गेल्या. तरी ती घरेच होती. मुलांसाठी म्हणून आखलेली इमारत अजून व्हायची होती.

बॅरी आणि खिडकीचा हिशेब

एडवर्ड बॅरी म्हणजे ब्रिटिश संसदभवनाचे वास्तुकार सर चार्ल्स बॅरी यांचा मुलगा. वडील १८६० मध्ये गेल्यावर संसदभवनाचे उरलेले काम त्याने पुरे केले. कॉव्हेंट गार्डनचे ऑपेरा हाऊस त्याचे, चेरिंग क्रॉस स्टेशनावरचे हॉटेल त्याचे, नॅशनल गॅलरीची वाढीव दालनेही त्याचीच. भपका कसा करायचा हे या माणसाला नेमके ठाऊक होते. बाल रुग्णालयासाठी मात्र त्याला भपक्याच्या आधी हवेचे गणित सोडवायचे होते.

१८७२ मध्ये युवराज्ञी अलेक्झांड्रा यांच्या हस्ते पायाभरणी झाली. नवी इमारत जुन्या घरांच्या मागच्या बागेत उठवली, म्हणजे बांधकाम चालू असताना समोरच्या घरांत रुग्णसेवा थांबली नाही. मुले नव्या इमारतीत गेली आणि मग जुनी घरे पाडली. चालू रुग्णालयाचा कायापालट करायची ही रीत आजही हीच आहे: मागे बांधा, पुढचे हलवा, मग पाडा. सुमारे एकशे पंधरा वर्षांनी बॅरीच्या इमारतीवरही तीच पाळी आली.

आता हवेचे गणित. १८७० च्या सुमारास बहुतेक डॉक्टर आणि आरोग्यसुधारक असे मानत होते की रोग दूषित हवेतून होतो. कोंडलेली, श्वासांनी जड झालेली हवा हाच शत्रू. क्रिमियन युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हा विचार जोरात मांडला आणि त्यातून रुग्णालयाचा एक ठरावीक आराखडा रूढ झाला. त्याला पॅव्हिलियन पद्धत म्हणत. पॅरिसचे लारिबोआझिएर रुग्णालय हा तिचा गाजलेला नमुना. लंडनमध्ये १८७१ साली थेम्सकाठी उघडलेले सेंट थॉमस रुग्णालय हे मोठे उदाहरण. बॅरीने याच विचारातून आखणी केली.

वॉर्ड लांबट आणि एकसंध ठेवायचा. दोन्ही लांब भिंतींत समोरासमोर खिडक्या. खाटेचे डोके भिंतीला, आणि ती दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीपुढे; खिडकीसमोर नाही. का? समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की हवा वॉर्ड ओलांडून आरपार जाते, पण रुग्णाच्या डोक्यावर झोत येत नाही. खिडकी जमिनीपासून दोन-तीन फुटांवर सुरू होऊन जवळजवळ छतापर्यंत आणि वर-खाली सरकणाऱ्या दोन तावदानांची, कारण गरम झालेली हवा वरच्या फटीतून बाहेर पडते आणि गार हवा खालून येते. पंखा नाही, यंत्र नाही. उंचीतल्या फरकावर सगळे चालते. संडास आणि धुण्याची जागा वॉर्डच्या टोकाला, वेगळ्या बुरुजात. बुरुज आणि वॉर्ड यांच्यामध्ये छोटी मोकळी वाट, तिलाही दोन्हीकडे खिडक्या, म्हणजे दुर्गंधी वॉर्डात शिरण्याआधीच बाहेर उडून जावी.

बाहेरून पाहणाऱ्याला हे बुरुज शोभेचे वाटतात. त्या काळच्या रुग्णालयांच्या टोकदार छपरांचे फोटो पाहून माझे विद्यार्थी त्याला 'किल्ल्यासारखं' म्हणतात. पण नकाशा उलगडला की कळते, तो संडासाचा बुरुज आहे. व्हिक्टोरियन रुग्णालयाचा दर्शनी भाग असा आतल्या हवेच्या मार्गांवरून ठरे, आणि मला तो आवडतो तो त्यामुळेच. शोभा आणि गरज वेगळी काढता येत नाहीत.

शहरातल्या रुग्णालयात दर खाटेमागे सुमारे दीड हजार घनफूट हवा असावी, असे नाइटिंगेल यांचे माप होते. छत पंधरा फूट उंच धरले तर एका खाटेला शंभर चौरस फूट जागा येते. गिरणगावात वाढलेल्या माणसाने हा आकडा जरा थांबून वाचावा. दहा बाय दहाची खोली. चाळीत तेवढ्यात अख्खा संसार असे. इथे तेवढी जागा एका आजारी जिवाच्या फुफ्फुसांसाठी मागितली होती. आणि बॅरीच्या वॉर्डातली मुले आली कुठून? लंडनच्या गरीब वस्त्यांतून, जिथे एका खोलीत सगळे कुटुंब राही. त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोकळी हवा आणि एवढी मोठी खिडकी पाहिली ती आजारी पडल्यावर.

मुलांच्या वॉर्डाचा एक वेगळा पेच होता. मूल लहान, खाट लहान, मग जागाही कमी चालेल, असा हिशेब कोणीही मांडील. पण मूल खाटेवर पडून राहत नाही. जरा बरे वाटले की ते खाली उतरते, जमिनीवर खेळते, शेजारच्या मुलाशी भांडते. परिचारिकेला मोठ्या रुग्णापेक्षा मुलाभोवती जास्त वावरावे लागते. म्हणून खाट लहान झाली तरी वॉर्ड लहान करून चालत नाही.

नाइटिंगेल यांना तर मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालय असावे का, याचीच शंका होती. मोठ्यांच्या वॉर्डात मूल ठेवले तर शेजारच्या खाटेवरची बाई त्याच्याकडे लक्ष देते, असे त्यांचे निरीक्षण होते. किती साधी आणि किती खोल गोष्ट! मुलांचे वेगळे रुग्णालय काढले की ती शेजारची बाई नाहीशी होते. तिची जागा कोण घेणार, हा प्रश्न बॅरीच्या नकाशात सुटलेला नव्हता. तो सुटायला पुढची ऐंशी-नव्वद वर्षे लागली.

वॉर्ड का टिकला नाही

पहिला धक्का विज्ञानाचा. बॅरीची इमारत उभी राहिली त्या सुमारासच दूषित हवेचा सिद्धांत ढासळू लागला होता. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला. रोग हवेच्या कोंदटपणातून होत नाही, जंतूंमुळे होतो, हे पक्के होत गेले. मोकळी हवा वाईट ठरली नाही. आरपार वाऱ्याने संसर्ग कमी होतो हे आज करोनानंतर आपल्यालाही नव्याने समजले. पण गोवराचे एक मूल वीस मुलांच्या उघड्या वॉर्डात ठेवले तर खिडकी कितीही मोठी असली तरी बाकीच्यांना धोका राहतोच. म्हणून विसाव्या शतकात मुलांचे वॉर्ड काचेच्या आडोशांत आणि मग स्वतंत्र खोल्यांत विभागले गेले. लांबलचक पॅव्हिलियन वॉर्डात आडव्या भिंती घातल्या की आरपार वारा थांबतो. म्हणजे एक अडचण दूर करताना इमारतीचा मूळ गुणच मरतो.

दुसरा धक्का मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो आईबापांचा.

व्हिक्टोरियन बाल रुग्णालयात आईवडील भेटीला येत, पण ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी. आई आली की मूल रडते, गेल्यावर आणखी रडते, वॉर्डाची शिस्त मोडते, अशी समजूत होती, आणि ती ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. बॅरीच्या वॉर्डात प्रत्येक मुलाच्या हवेचा हिशेब होता, पण आईसाठी एक खुर्चीही आखलेली नव्हती. १९५९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या प्लॅट समितीने रुग्णालयातल्या मुलांच्या हिताबद्दल अहवाल दिला. भेटीवरची बंधने काढा, लहान मुलाच्या आईला रुग्णालयातच राहू द्या, असे त्यात सांगितले होते. कागदावर ही दोन-तीन वाक्ये आहेत, पण वास्तुकारासाठी तो भूकंप आहे. खाटेशेजारी दुसरी झोपायची जागा हवी. कपडे ठेवायला कपाट हवे. रात्री चहा करायला जागा हवी, अंघोळीला जागा हवी. आणि रडायला चार भिंतींआडची जागा हवी, कारण आई आता तिथेच राहते.

आपल्याकडे हा प्रश्न उलट्या बाजूने सुटला. मुंबई-पुण्याच्या सार्वजनिक रुग्णालयांत मुलाबरोबर आई कायम असते. बहुतेकदा खाटेखाली चटई टाकून, डबा उशाशी घेऊन. कोणी अहवाल लिहिला नाही. आई हललीच नाही, एवढेच. मात्र तिच्यासाठी नकाशात जागा आपणही ठेवली नाही. इंग्रजांनी आईला बाहेर ठेवून वॉर्ड आखला आणि आपण आईला आत घेऊन तोच वॉर्ड वापरला.

तिसरे कारण यंत्रांचे. ऑक्सिजनच्या नळ्या, वातानुकूलनाची मोठी वाहिनी, खाटेभोवती उभी राहणारी उपकरणे, शस्त्रक्रियागृहाला लागून अतिदक्षता विभाग. उंच छतामुळे वाहिन्यांना जागा मिळते, पण लांबच लांब पसरलेली जुनी आखणी या शेजाऱ्यांना जवळ येऊ देत नाही. यावर फार लिहायची गरज नाही. जुन्या रुग्णालयात काम केलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे.

१९८७ मध्ये रुग्णालयाने विशिंग वेल नावाचे निधी-आवाहन केले. लोकांनी ५४ दशलक्ष पौंड दिले. त्या पैशांतून नवी इमारत ठरली आणि बॅरीच्या वॉर्डांचे दिवस भरले.

त्या आवारातली दुसरी इमारत

आता चॅपलकडे. त्याचा पैसा वेगळा होता, आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे. विल्यम हेन्री बॅरी (हे वास्तुकार एडवर्ड बॅरी नव्हेत) यांनी आपल्या कुटुंबातल्या कॅरोलिन बॅरी यांच्या स्मरणार्थ ४०,००० पौंड दिले. चॅपल बांधायला आणि तिथल्या धर्मगुरूच्या मानधनाला. आकडा त्या काळासाठी प्रचंड. एवढ्या पैशांत किती खाटा झाल्या असत्या, असा विचार मनात येतो. मलाही आला. पण स्मरणार्थ दिलेला पैसा ज्यासाठी दिला त्यालाच लागतो; आपल्या देवळांच्या सभामंडपांवर आणि धर्मशाळांच्या कमानींवरही अशाच पाट्या असतात.

(या रुग्णालयाच्या इतिहासात आणखी एक बॅरी येतात, आणि मराठीत दोन्ही नावे सारखीच दिसत असल्याने घोटाळा होतो. पीटर पॅनचे लेखक जे. एम. बॅरी यांनी १९२९ मध्ये त्या कृतीचे हक्क रुग्णालयाला दिले. त्यांचा या चॅपलशी संबंध नाही. १९२९ साल मला आणखी एका कारणाने लक्षात राहते: त्याच वर्षी परळमध्ये मुलांसाठी बाई जेरबाई वाडिया रुग्णालय सुरू झाले.)

वॉर्डात एडवर्ड बॅरीने हवेला वाट दिली होती. चॅपलमध्ये त्याने हात मोकळा सोडला. बाहेरची शैली फ्रेंच-इटालियन वळणाची, आतला थाट बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातल्या चर्चसारखा. चौरस जागेवर घुमट, सोनेरी आणि रंगीत भित्तिचित्रे, संगमरवर. खिडक्यांच्या रंगीत काचांत ख्रिस्ताचा जन्म, त्याचे बालपण आणि बायबलमधले मुलांचे प्रसंग. घुमटात पेलिकन पक्षीण स्वतःची छाती टोचून पिल्लांना रक्त पाजते आहे. ख्रिस्ती परंपरेत ते ख्रिस्ताच्या बलिदानाचे प्रतीक. पण ज्या आईचे मूल वर वॉर्डात आहे तिला त्या चित्रातले बलिदान समजायला धर्मशास्त्र लागत नाही.

फरशी अंतोनिओ साल्वियाती याच्या कारखान्याची. हा मूळचा वकील. १८५९ मध्ये त्याने व्हेनिसजवळच्या मुरानोत काच आणि मोझेइकचा (रंगीत तुकडे जडवून केलेल्या नक्षीचा) उद्योग उभा करून ती मरू घातलेली कला पुन्हा बाजारात आणली. चॅपलची फरशी व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमधल्या फरशीच्या धर्तीवर आहे. मुलांच्या रुग्णालयात ही योजना मला फार समजूतदार वाटते. मूल चॅपलमध्ये आले की वर बघत नाही, खाली बघते. चौकोन, वर्तुळे, लाल-हिरव्या पट्ट्या. त्यावर पाय ठेवून ओळी मोजता येतात.

चॅपल संत ख्रिस्तोफर याच्या नावाचे आहे. बाळ ख्रिस्ताला खांद्यावर घेऊन नदी पार करणारा तो संत. आपल्या मनात लगेच यमुनेतला वसुदेव उभा राहतो: टोपलीत बाळ, पाणी गळ्यापर्यंत, आणि पलीकडे पोचायचेच आहे. हे सगळे चॅपलच एक दिवस असे उचलून पलीकडे न्यावे लागले.

हलवायचे कसे

ब्रिटनच्या वारसा यादीत हे चॅपल श्रेणी दोन-तारांकित आहे. म्हणजे फार वरची श्रेणी, सहज पाडता न येणारी. पण यादी फक्त 'पाडू नका' म्हणते. नव्या इमारतीच्या मधोमध ते येत असेल तर काय, याचे उत्तर यादीत नसते.

तीन मार्ग होते. पहिला, चॅपल जागेवर ठेवून नवी इमारत त्याच्याभोवती वळवायची. रुग्णालयाच्या आखणीत अशी तडजोड पुढे रोज भोवते; स्ट्रेचर रोज वळसा घालते. दुसरा, दगड सुटे करून क्रमांक घालून दुसरीकडे जोडायचे. आपल्याकडे श्रीशैलम धरणाच्या वेळी कुडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर असेच उतरवून आलमपूरला पुन्हा उभे केले. घडीव दगडांच्या मंदिराला ते जमते, कारण प्रत्येक दगड हा एक पूर्ण तुकडा असतो. या चॅपलला ते जमणारे नव्हते. त्याचे सौंदर्य दगडात नाही, दगडावरच्या कातडीत आहे: गिलाव्यावरची चित्रे, सोनेरी लेप, मोझेइक. गिलावा क्रमांक घालून सोडवता येत नाही.

म्हणून तिसरा मार्ग: सगळे एकत्रच हलवायचे.

वीट आणि दगडाचे बांधकाम दाबाला सोसते, ताणाला नाही. चारही भिंती एकाच वेळी, सारख्याच मापाने हलल्या तर भिंतीला कळतही नाही. पण एक कोपरा काही मिलिमीटर मागे राहिला किंवा खचला की ताण येतो, भिंतीत तडा जातो, आणि तडा पहिल्यांदा दिसतो तो रंगवलेल्या गिलाव्यात. तेव्हा उचलण्याआधी भिंतींखाली एकच अखंड, न वाकणारी बैठक हवी. या चॅपलखाली काँक्रीटचा जाड तराफा ओतण्यात आला. अशा कामात भिंतीखालची माती एकदम काढत नाहीत. थोडी खणायची, तिथे काँक्रीट भरायचे, ते घट्ट झाले की मग मधला तुकडा. गवंडी जसा जुनी भिंत न पाडता तिचा पाया टप्प्याटप्प्याने बदलतो, तसेच. तुकडे जोडून अखंड तराफा झाला की इमारत जुन्या पायापासून सुटी होते. तिचा सगळा भार त्या तराफ्यावर येतो आणि तराफा हलतो तशी ती हलते.

रंगीत काचा आणि सामान आधी काढून दुरुस्तीला पाठवले होते. काच शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली असते, तिला काढता येते, म्हणून काढली. जे काढता येत नव्हते ते जागेवर राहिले. एवढ्या मोठ्या कामात ही साधी विभागणी मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते: प्रत्येक वस्तूला तिच्या घडणीप्रमाणे वागवले.

जे गमावले

आता माझी अडचण.

वॉर्ड पाडायला माझा विरोध नाही. आजारी मुलाच्या उपचारासाठी जागा हवी असेल तर वास्तुइतिहासाने बाजूला व्हावे, असेच मी म्हणेन. पण त्या वॉर्डाचा एकही गाळा राखला गेला नाही. एका बाजूच्या दोन खिडक्या, मधली भिंत, एक खाट आणि टोकाचा बुरुज: इतके ठेवले असते तरी पुढच्या माणसाला समजले असते की दीड हजार घनफूट म्हणजे किती. फोटोत उंची कळत नाही. वारा तर अजिबात कळत नाही.

यात यादीचाही दोष आहे. वारसा याद्या सोने, संगमरवर आणि घुमट चटकन ओळखतात. संडासाच्या बुरुजातली हुशारी त्यांच्या नजरेला येत नाही. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली आली. भारतात अशी ती पहिलीच. तिच्यातही श्रेण्या आहेत, आणि तिथेही मला हीच भीती वाटते. दर्शनी कमान वाचते, मागचा वॉर्ड पत्रा आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावून बुजवला जातो. नंतर तिथे कोंदट होते म्हणून एसी लागतो. जुन्या रुग्णालयात काम करणाऱ्या वास्तुकाराने नकाशा हातात घेतला की आधी वारा कुठून कुठे जायचा ते काढावे, दर्शनी भागाचे चित्र नंतर.

चॅपलनेही किंमत मोजली. इमारतीच्या आत गेल्यामुळे ते आता फक्त आतून पाहायची वस्तू झाले आहे. एडवर्ड बॅरीने त्याला बाहेरची बाजूही दिली होती; घुमट बाहेरूनही घुमटच असतो. पण ज्याच्यासाठी ते बांधले तो माणूस आतच येतो, आणि आत त्याला सगळे जागच्या जागी मिळते. म्हणून ही किंमत मला मान्य आहे.

एडवर्ड बॅरी हे काही पाहायला नव्हता. जानेवारी १८८० मध्ये रॉयल अकॅडमीच्या बैठकीत बसलेला असतानाच तो गेला, वयाच्या पन्नाशीच्या आत.

१४ फेब्रुवारी १९९४ रोजी युवराज्ञी डायना यांच्या हस्ते नवी इमारत आणि चॅपल पुन्हा उघडले. वेस्ट यांनी १० खाटांचे रुग्णालय उघडले तीही तारीख १४ फेब्रुवारीच, १४२ वर्षांपूर्वीची. आज चॅपलमध्ये कडेने मुलांची टेडी अस्वले आणि कापडी खेळणी मांडलेली असतात. संगमरवर आणि सोनेरी भिंतीपुढे ती विजोड दिसतात, आणि ती तिथून कोणी उचलत नाही.